एकच हीट मॅट, तीन डबे: डुबियाच्या वसाहतीला डबा केवढा हवा?

पालवर्गीय प्राण्यांचं खाद्य म्हणून डुबिया झुरळं पाळणाऱ्यांची तक्रार बहुधा दोनांपैकी एक असते. "पिल्लंच होत नाहीत" ही पहिली, आणि "इतकी झाली की आता मरायला लागली" ही दुसरी. खालच्या प्रकरणात एकाच वसाहतीने नऊ महिन्यांत दोन्ही टोकं गाठली. झुरळं तीच, खाणं तेच, हीट मॅटही तीच होती. बदलला तो फक्त डबा. म्हणूनच डब्याच्या मापाचा परिणाम इथे इतका उघडा पडतो.

सुरुवात २० प्रौढ डुबियांपासून झाली: ५ नर, १५ माद्या. प्रमाण चांगलंच म्हणायचं, एका नरामागे तीन ते पाच माद्या पुरतात. नर ओळखायला सोपा असतो, त्याचे पंख पाठभर असतात. मादीच्या खांद्यावर नुसते पंखांचे खुंट दिसतात. हेतू घरातल्या पालवर्गीय प्राण्यासाठी खाद्य तयार करण्याचा होता. खोलीचं तापमान २२ अंश सेल्सिअसच्या आसपास राहायचं आणि ऊब द्यायला १५ × २८ सेंटिमीटरची एक मॅट होती.

पहिला डबा: ११३ लिटर

"वसाहत वाढणारच आहे, तर एकदाच मोठा डबा घेऊ" या हिशेबाने साठवणीचा प्लास्टिकचा डबा आणला. आतून माप ७० × ४५ × ३६ सेंटिमीटर. तळाखाली एका कोपऱ्यात मॅट चिकटवली, मध्यभागी झुरळांना लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे दोन ट्रे आडवे ठेवले आणि झाकणाचा बहुतेक भाग कापून तिथे जाळी बसवली.

पाच महिन्यांनी डबा पूर्ण रिकामा करून मोजणी झाली. पिल्लं ५८ निघाली. डुबियाची मादी अंडी बाहेर घालत नाही. अंडपेटी पोटातच वागवते आणि साधारण ६५ दिवसांनी जिवंत पिल्लं देते, एका वेळी २० ते ३५. एका वेताला २५ पिल्लं आणि दोन वेतांत अडीच महिन्यांचं अंतर धरलं, तर १५ माद्यांकडून पाच महिन्यांत सातशेच्या पुढे पिल्लं व्हायला हवीत. नव्या जागी रुळण्यात एक महिना गेला असं मानलं तरी सहाशेचा आकडा गाठायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात त्याचा दहावा हिस्साही हाती लागला नाही. शिवाय एक नर आणि दोन माद्या मेलेल्या सापडल्या.

खरी गोष्ट सांगितली ती डब्याच्या गार टोकाला सापडलेल्या चार वाळक्या काड्यांनी. दोन-अडीच सेंटिमीटर लांब, पिवळसर तपकिरी, आडव्या चिरांच्या, कडेने किंचित वाकलेल्या. नवख्या माणसाला ती विष्ठाच वाटते आणि तो झटकून टाकतो. पण त्या माद्यांनी अर्धवट टाकलेल्या अंडपेट्या होत्या. मादी अंडपेटी मधूनच बाहेर काढते, फिरवते आणि परत आत घेते, त्यात काळजीचं काही नाही. मात्र हवा फार कोरडी असेल, ऊब कमी पडत असेल किंवा सतत हलवाहलव होत असेल, तर ती पेटी टाकून देते. असं झालं की त्या वेताची सगळी पिल्लं गेली.

तापमान तीन जागी मोजलं: मॅटच्या वर तळाशी २९, ट्रेंच्या जागी २४, दुसऱ्या टोकाला २३. म्हणजे झुरळांसमोर दोन वाटा होत्या. ट्रेमध्ये लपून गारठायचं, नाहीतर उबेला येऊन उघड्यावर बसायचं. लपायला जागा आणि ऊब दोन ठिकाणी असतील तर डुबिया लपणंच पसंत करतात. वेत लवकर यायचं तर साधारण २८ ते ३३ अंश लागतात. २३-२४ अंशांवर ती जगतात, खातात, पण पिल्लांचा वेग पार बसतो.

मॅट नादुरुस्त नव्हती. डब्याचा तळ ३,१५० चौरस सेंटिमीटर आणि मॅट ४२०, म्हणजे तळाचा जेमतेम १३ टक्के भाग तापत होता. त्यावर डब्याच्या सहाही बाजूंचं मिळून क्षेत्रफळ १४,५८० चौरस सेंटिमीटर, आणि ऊब या सगळ्या पृष्ठभागातून बाहेर जाते. वरून झाकणभर जाळी. गरम हवा वर चढून सरळ निघून जायची, जाताना ओलही घेऊन जायची. तळाखालच्या मॅटचा आणखी एक तोटा असतो, तो महिन्या-दोन महिन्यांनी जाणवतो. विष्ठेचा थर जमतो आणि गादीसारखा उबेला अडवतो.

लहान पिल्लांच्या बाबतीत मोठ्या डब्याचा वेगळा त्रास होतो. झुरळं घोळक्याने राहणारे प्राणी आहेत. घरातल्या जर्मन झुरळाच्या बाबतीत तर हे नीट तपासलं गेलं आहे की एकटं वाढवलेलं पिल्लू घोळक्यातल्या पिल्लापेक्षा सावकाश वाढतं. डुबियाची नवजात पिल्लंही मोठ्यांच्या आसपासच चिकटून असतात आणि त्यांच्या विष्ठेतून पचनाला लागणारे सूक्ष्मजीव मिळवतात. इथे ५८ पिल्लं सात-आठ जागी विखुरलेली होती. खाण्याचा तुकडा एका टोकाला सुकून जायचा, दुसऱ्या टोकाची पिल्लं त्याच्यापर्यंत पोचायचीच नाहीत.

दुसरा डबा: १२ लिटर

पहिला डबा मोठा झाला हे निदान बरोबर होतं, त्यावरचा उपाय मात्र पार उलट्या टोकाचा निघाला. बुटांच्या खोक्याएवढा डबा घेतला, आतून ३५ × २२ × १६ सेंटिमीटर. मॅट तीच, तळाखालीच. आता तळ ७७० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे मॅटने त्याचा ५४ टक्के भाग व्यापला. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं उपकरण, नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅटच्या वरचं तापमान ३८ अंशांपुढे गेलं होतं आणि सगळी झुरळं झाकणाला सर्वांत जवळच्या ट्रेच्या कडेवर एकावर एक बसली होती. भरदिवसा झुरळं खाली न जाता वर गोळा झालेली दिसली, तर आधी थर्मामीटर काढावा.

थर्मोस्टॅट लागल्यावर गाडी रुळावर आली आणि पिल्लं धडाधड होऊ लागली. चार महिन्यांनी अंदाजे ४०० पिल्लं आणि ३७ प्रौढ (जुने १७, नव्याने वयात आलेले २०) अशी गर्दी झाली. मग एकेक लक्षण दिसू लागलं.

नरांचे पंख कडेने कुरतडलेले दिसू लागले. नुकती कात टाकलेली, पांढरीफेक, मऊ झुरळं अर्धी खाल्लेली सापडू लागली. कात टाकायला डुबियाला पालथं लटकायची मोकळी जागा आणि थोडा निवांतपणा लागतो. खेटाखेटीत तो मिळत नाही, मग कातीत अडकून वाकड्या पायांची झुरळं निघतात. झाकणाला आतून दव धरायचं, ट्रे खालून ओले होऊन मऊ पडले आणि कोरड्या खाद्यावर भुरभुरीत पिठासारखे माइट्स (कोळीवर्गातले बारीक जीव) फिरू लागले. डबा उघडला की नाकात झोंबणारा उग्र वास. निरोगी वसाहतीला जुन्या पुठ्ठ्यासारखा मंद वास असतो. झोंबणारा वास म्हणजे तळाशी ओल आहे आणि मेलेली झुरळं कुजताहेत.

हवेसाठी सोल्डरिंगच्या गरम टोकाने ३ मिलिमीटरची भोकं पाडली होती. नवजात डुबिया सुमारे ३ मिलिमीटर लांब आणि जेमतेम २ मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे ती भोकांतून सुखाने बाहेर पडत होती. भोकं संख्येने कमी, म्हणून ओल आत कोंडली. भोकं मापाने मोठी, म्हणून पिल्लं बाहेर. ट्रे १४ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे झाकणापर्यंत दोनच सेंटिमीटर उरत होते. साडेचार सेंटिमीटरचं प्रौढ झुरळ ट्रेच्या टोकावरून झाकणाला सहज पोचायचं. डुबिया गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत हा त्यांचा मोठा गुण, पण ट्रे उंच ठेवला तर त्या गुणाचा उपयोग राहत नाही.

लिटर सोडा, बसायची जागा मोजा

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: डबा लिटरमध्ये निवडला गेला. झुरळं हवेत तरंगत नाहीत, पृष्ठभागावर बसतात. म्हणून मोजायचा तो अंड्यांच्या ट्रेचा पृष्ठभाग. त्याचा हिशेब असा करता येतो.

प्रौढ डुबिया साधारण ४.५ × २ सेंटिमीटर, म्हणजे ९ चौरस सेंटिमीटर जागा अडवतं. पिल्लं सगळ्या वयांची मिसळलेली असतील तर सरासरी अडीच चौरस सेंटिमीटर धरावी. ही झाली वसाहतीची गरज. ट्रेच्या दोन्ही बाजू मिळून जागा किती ते काढायचं (लांबी × उंची × २, खाचखळग्यांमुळे मिळणारी जादा जागा हिशेबात धरायची नाही) आणि तिला गरजेने भागायचं. उत्तर चारच्या आसपास असलं तर वसाहत सुखात असते. दोनच्या खाली पंख कुरतडणं सुरू होतं. दहाच्या वर गेलं की जागा वाया जाते, आणि ऊब तुटपुंजी असेल तर वेतंही लांबतात. हा नियम कुठे कोरून ठेवलेला नाही, हाताशी धरायचं माप आहे. पण या प्रकरणाला ते चपखल बसतं.

पहिल्या डब्यात ३० × ३० चे दोन ट्रे होते, म्हणजे ३,६०० चौरस सेंटिमीटर जागा. वीस प्रौढांची गरज १८०. उत्तर २०. दुसऱ्यात २० × १४ मापाला कापलेले तीन ट्रे, जागा १,६८०. गरज मात्र पिल्लांची १,००० आणि प्रौढांची ३३३, मिळून १,३३३. उत्तर सव्वाच्या आसपास. एकात वीस, दुसऱ्यात सव्वा.

दुसरा हिशेब उबेचा. मॅटने ती जिथे लावली आहे त्या बाजूचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापावा. त्याहून फार कमी असेल तर डबा तापत नाही, निम्म्याच्या वर गेली तर झुरळांना पळायला गार कोपरा उरत नाही. हाताशी मॅट आधीच असेल तर डबा तिच्या मापाने निवडावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

तिसरा डबा: ५० लिटर

नव्या डब्याचं आतलं माप ४५ × ३२ × ३५ सेंटिमीटर. बाजू सरळ उभ्या, आतून गुळगुळीत. रंग अपारदर्शक, कारण उजेड असेल तर डुबिया दिवसभर दडून बसतात आणि खायला कमी येतात. सहा बाजूंचं क्षेत्रफळ ८,२७०, म्हणजे पहिल्या डब्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

मॅट तळाखालून काढून ३२ × ३५ च्या आखूड बाजूला बाहेरून लावली, तळापासून ५ सेंटिमीटर वर. त्या बाजूचं क्षेत्रफळ १,१२०, त्यामुळे मॅटचा वाटा ३७ टक्के झाला. आता विष्ठा कितीही साचली तरी ऊब अडत नाही. उरलेल्या तीन बाजूंना बाहेरून २ सेंटिमीटर जाडीचं थर्मोकोल लावलं. मॅटवर थर्मोकोल दाबून बसवायचं नाही, ती जास्त तापते. आतल्या बाजूला तर थर्मोकोल कधीच नको, डुबिया ते कुरतडतात. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान जाणणारं वायरचं टोक) गरम टोकाच्या दोन ट्रेंमध्ये, मधल्या उंचीवर बांधला आणि तापमान ३२ अंशांवर लावलं. प्रोब तळाला टाकला की तो विष्ठेत गाडला जातो, त्याला गार वाटतं आणि मॅट थांबतच नाही. ही चूक अनुभवी लोकांच्याही हातून होते.

ट्रे ३० × २२ मापाला कापले, सहा नग. ट्रे उभेच ठेवायचे, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि झुरळांची बसायची जागा कोरडी राहते. सहज लक्षात न येणारी बाब अशी की ट्रे डब्याच्या लांबीच्या दिशेने लावले, मॅटच्या बाजूकडून आत जाणारे. त्यामुळे प्रत्येक ट्रेचं एक टोक ३२ अंशांवर आणि दुसरं २७ च्या आसपास येतं. झुरळाला हवी ती ऊब आडोसा न सोडता मिळते. ट्रे रुंदीच्या दिशेने आडवे लावले असते, तर पहिल्या ट्रेने ऊब अडवली असती आणि शेवटचा गारच राहिला असता. ट्रे एकमेकांत बसवायचे नाहीत, उंचवट्याला उंचवटा टेकवायचा. मग एका ट्रेला सुमारे पाच सेंटिमीटर जागा लागते, आणि ३२ सेंटिमीटर रुंदीत सहा ट्रे बरोबर मावतात.

लांबीत उरलेले १५ सेंटिमीटर गार टोकाला. तिथे उथळ ताटलीत कोरडं खाद्य, वेगळ्या झाकणात पाण्याचे जेल आणि गाजराचे काप. उघडं पाणी ठेवलं तर पिल्लं बुडून मरतात. खाणं गार टोकाला ठेवलं की ते लवकर आंबत नाही, आणि कोरडं खाद्य जेलपासून लांब असलं की माइट्सही आटोक्यात राहतात. वर, ट्रेच्या टोकापासून झाकणापर्यंत १३ सेंटिमीटर मोकळी भिंत आहे. ती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. धूळ आणि खाण्याचे डाग बसले की त्याच गुळगुळीत भिंतीवर पिल्लांचे पाय रुततात.

हवेसाठी दोन खिडक्या कापल्या. झाकणात गरम टोकाच्या वर १० × १५ ची, आणि समोरच्या आखूड बाजूला, वरच्या अंगाला ५ × १५ ची. त्यामुळे हवा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर जाते, दव धरत नाही. जाळी स्टीलची, भोकं दीड मिलिमीटरपेक्षा बारीक. नायलॉनची जाळी पहिल्या महिन्यात छान दिसते, मग कुरतडलेली सापडते. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली. ती ४० च्या खाली घसरली तर झाकणावरच्या खिडकीचा निम्मा भाग टेपने बंद करायचा, पाणी शिंपडत बसायचं नाही.

सहा ट्रेंची जागा ७,९२०. हलवताना जादा प्रौढ काढून २० च ठेवले, १५ माद्या आणि ५ नर. ४०० पिल्लं धरून गरज १,१८० झाली, उत्तर साडेसहाच्या पुढे. म्हणजे वाढायला वाव होता, आणि तरीही वसाहत एका जागी राहण्याइतकी जवळ होती. चारचं माप धरलं तर हा डबा २० प्रौढ आणि साधारण ७०० पिल्लांना पुरतो.

पण ७०० वर थांबायचं कसं?

डबा पुरेल की नाही याचं अर्धं उत्तर पिल्लं कोणत्या वयाला बाहेर काढता यावर आहे, आणि डबा घेताना हे सहसा कुणी विचारात घेत नाही. १५ माद्या महिन्याला दीडशे-पावणेदोनशे पिल्लं देतात. मध्यम आकाराची, दोन-अडीच सेंटिमीटरची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची पिल्लं काढत गेलं तर डब्यात कोणत्याही क्षणी पाचशेच्या आसपास पिल्लं असतात, आणि वर पुढच्या पिढीसाठी राखलेली काही. हा डबा ते पेलतो. तीच पिल्लं प्रौढ होईपर्यंत, पाच-सहा महिने, आत राहिली तर आकडा आठ-नऊशेवर जातो आणि सरासरी आकारही वाढतो. मग हाच ५० लिटरचा डबा दुसऱ्या डब्यासारखा वागू लागतो. पाळलेल्या प्राण्याची भूक कमी असेल तर मोठा डबा आणण्यापेक्षा माद्या दहावर आणाव्यात.

मोजणीसाठी सगळी झुरळं हाताळायची गरज नाही. मधला एक ट्रे अलगद उचलून बादलीत झटकायचा, त्यावरची झुरळं मोजायची आणि ट्रेच्या संख्येने गुणायचं. महिन्यातून एकदा पुरे. हे करताना तोंडाला मास्क हवाच. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ दमा व ॲलर्जी वाढवते, आणि मोठ्या वसाहतीत ती जास्त उडते. डबा साफ करताना विष्ठा पूर्ण काढू नये. एक सेंटिमीटरभर थर तळाशी राहू द्यावा, त्यात बारीक पिल्लं असतात. बाकीचा थर ३ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, खाली पडलेला चुरा आठवडाभर वेगळ्या डब्यात गाजराच्या कापासह ठेवला की राहिलेली पिल्लं कापावर गोळा होतात.

जात बदलली तर

हे आकडे डुबियाचे आहेत. मादागास्करचं फुत्कारणारं झुरळ काचेवरही चढतं, तेव्हा तिथे मोकळ्या भिंतीचा काही उपयोग नाही. घट्ट झाकण आणि वरच्या काठाला पेट्रोलियम जेलीचा पाच-सहा सेंटिमीटर रुंद पट्टा लागतो. त्याचे नर जागेवरून टकरा घेतात, म्हणून तळ मोठा आणि नर कमी. लाल धावरी झुरळं, म्हणजे रेड रनर, अंडपेट्या बाहेर टाकतात, त्यामुळे त्या वेगळ्या उबवायला दुसरा छोटा डबा हवा. ठिपकेदार डॉमिनोसारखी जमिनीत शिरणारी जात असेल तर ट्रेचा हिशेब लागूच होत नाही. तिथे सात-आठ सेंटिमीटर मातीचा थर आणि तळाचं क्षेत्रफळ मोजायचं.

आणि डुबियाच्या या डब्यात चारचं उत्तर तीनवर आलं, म्हणजे २० प्रौढांबरोबर पिल्लं हजाराकडे झुकली, की डबा बदलायचा नाही. याच मापाचा दुसरा डबा आणि दुसरी मॅट घ्यायची, थर्मोस्टॅटही वेगळा. जुन्या डब्यातले तीन ट्रे झुरळांसकट उचलून तसेच त्यात उभे करायचे आणि दोन्हीकडे तीन-तीन कोरे ट्रे भरायचे. ओळखीचा वास बरोबर आल्यामुळे झुरळं नव्या डब्यात सैरावैरा पळत नाहीत, आणि पोटात अंडपेटी असलेल्या माद्यांना हात लावावा लागत नाही.